शिवकांता अक्का आणि स्टेअरिंगचं तेल

शिवकांता अक्कांना माझं नाव शेवटपर्यंत पाठ झालं नाही. आठ वर्षं मी त्यांच्या दुकानात जात होतो. माझ्या रोपवाटिकेतला मोगरा त्यांच्या दारात वाढला होता. माझ्या बायकोचं नाव, आमच्या म्हशीचं कितवं वेत, माझ्या सासऱ्यांची साखर किती वाढलीय, सगळं त्यांना ठाऊक. पण मी पायरीवर पाय ठेवला की चष्मा नाकावर खाली ओढून म्हणायच्या, "या फॅनबेल्ट. बसा."

कारण पहिल्यांदा मी फॅनबेल्ट न्यायला गेलो होतो. माणसानं पहिल्या दिवशी जे नेलं ते त्याचं नाव, असा अक्कांचा कायदा होता. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा नेलेले एका शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्याकडं 'मागचा पाटा' होते. पंचक्रोशीत गाजलेले एक कीर्तनकार होते, ते 'हॉर्न'. आणि ह्यात चेष्टा अजिबात नसायची. "हॉर्न महाराज आले, खुर्ची द्या," असं त्या इतक्या आदरानं म्हणायच्या की महाराजांनाही हळूहळू ते नाव पदवीसारखं वाटायला लागलं होतं.

चाकूरला स्टँडपासून पाच मिनिटांवर त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. बोळीएवढं रुंद आणि आत आत जाणारं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मधे एक लाकडी काउंटर, काउंटरमागे अक्का. इरकल लुगडं, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि चष्म्याला बांधलेली दोरी म्हणून स्कूटरची क्लच केबल. खरी केबल नव्हे, तिच्यावरचं काळं प्लास्टिक. "तुटत न्हाई," एवढंच कारण.

दुकान त्यांच्या यजमानांचं. ते अचानक गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की बाई आता दुकान विकणार. दीर तर गिऱ्हाईक घेऊनच आले होते. महिना व्हायच्या आत अक्कांनी शटर वर केलं. शिक्षण सातवी, तेही उदगीरच्या पलीकडं, जिथं घरात कानडी आणि शाळेत मराठी चालते अशा गावात. गाडीत बसणं माहीत, ते फक्त एस्टीच्या. पहिलं वर्ष त्यांनी आकारावर काढलं. कुणी "असं वाकडं" म्हटलं की वाकडं काढून द्यायचं, "गोल" म्हटलं की गोल. मग एक दिवस माळ्यावर त्यांना यजमानांनी ठेवलेली जाडजूड पुस्तकं सापडली. प्रत्येक गाडीचं एक. त्यात गाडीची चित्रं होती, पण सगळी सुटी केलेली. स्क्रू, वायसर, नळ्या, झाकणं, सगळं कागदावर हवेत लटकलेलं आणि प्रत्येकाशेजारी एक नंबर.

अक्कांनी ती पुस्तकं पोथीसारखी वाचली. इंग्रजी अक्षरं त्यांनी तिथंच शिकली, त्यामुळं त्यांचे उच्चार त्यांचेच. तेलाच्या डबीला पुस्तकात जो इंग्रजी शब्द आहे तो त्या 'रेसेरवोईर' असा, एकही अक्षर वाया न घालवता म्हणायच्या. पण नंबर? नंबर सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही. कुठल्या गाडीच्या कुठल्या नळीला कुठली चिमटी, हे त्या डोळे मिटून सांगायच्या.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "एक फॅनबेल्ट द्या, एवढा." आणि दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

अक्कांनी माझ्या हातांकडं नीट बघितलं. "एवढा?"

"हाव."

"मग हात इथंच ठिवून जावा. त्याच्यावरून काढून देते."

दुकानातली चार माणसं हसली. मी परत गेलो, तुटका पट्टा घेऊन आलो. त्यांनी तो फडक्यानं पुसला, त्यावरचा पुसट नंबर वाचला आणि दुसऱ्या मिनिटाला नवा पट्टा माझ्या हातात. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "थोडा इकडं-तिकडं असता तरी चाललं असतं की."

त्यांनी पट्टा परत काढून घेतला.

त्या दुकानात 'चालतंय' हा शब्द चालत नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला तो पट्टा मिळायला अर्धा तास आणि एक क्षमायाचना लागली.

पण हा नियम त्या स्वतःलाही लावायच्या. एकदा लोह्याच्या एका माणसाला त्यांनी ब्रेकचं रबर दिलं. तो गेला आणि संध्याकाळी खोकी आवरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण शेजारच्या खोक्यातलं दिलं. दिसायला सारखंच, पण एका केसानं बारीक. फोन लावला, उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी लुगड्याच्या ओच्यात बरोबर रबर बांधलं आणि नांदेडच्या एस्टीत बसल्या. लोह्याला उतरून विचारत विचारत त्या माणसाच्या घरी गेल्या तर घराला कुलूप. सगळे भाचीच्या लग्नाला. अक्का मांडवात. मंगलाष्टका सुरू. अक्का पहिल्या रांगेतून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांची तोंडं बघत चाललेल्या आणि मोठ्यानं विचारतायत, "ब्रेकवाले कुठं हायत? ब्रेकवाले?"

तो नवरीचा मामा निघाला. अंतरपाटाशेजारी उभा होता. गाडी बाहेर फुलं लावून तयार, नवरीला घेऊन त्यातूनच घाट उतरून सासरी जायचं होतं, आणि रबर आदल्या दिवशीच बसवून झालेलं. अक्कांनी त्याला अक्षता टाकून होऊ दिल्या. त्याला तेवढीच सवलत. मग पंगत बसायच्या आधी गावातल्या मेकॅनिकला बोलावून आपल्या डोळ्यांदेखत रबर बदलून घेतलं, आणि मगच जेवायला बसल्या. नवरीच्या आईनं त्यांना जाताना खण-नारळ दिला. तो खण बरेच दिवस दुकानात गल्ल्यावर अंथरलेला होता. ही हकिकत मला त्या मामानंच सांगितली, लोह्यात, रोपं उतरवताना. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं, पण शेवटी म्हणाला, "त्या घाटात ब्रेक लागला नसता तर, बगा तुमीच."

अक्कांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, गफारमामूचं गॅरेज होतं. मामू म्हणजे चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस. गाडी लांबून येताना तिच्या आवाजावरून दुखणं सांगायचा. तो अक्कांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तरी दोघांनी रस्ता ओलांडून एकमेकांकडं गेलेलं कुणी बघितलं नव्हतं. व्यवहार सगळा ओरडून. "अक्का, बेरिंग पाठवा!" "कुठल्या नंबरचं?" "नंबर कायको पायजे, चाकाचं!" "चाकं चार असत्यात मामू!" मधून एस्टी गेली की वाक्य तुटायचं आणि ती गेली की तिथूनच पुढं सुरू व्हायचं. शेजारच्या चहावाल्याला ही करमणूक फुकट होती.

आता माझ्या पिकअपची गोष्ट. गाडी मी जुनीच घेतली होती. तिला चौदा वर्षं झाली असतील, तेव्हापासून तिचं स्टेअरिंग जड व्हायला लागलं. आधी वाटलं, आपलाच खांदा दुखतोय. मग फाटकातून डावीकडं वळताना मला सीटवरून अर्धं उठावं लागायला लागलं आणि वळताना बोनेटमधून 'घूंऽऽ' असा कण्हण्याचा आवाज यायचा. सविता, माझी बायको, दारात उभी राहून म्हणायची, "गाडी वळवूलालाव का उसाचा चरक फिरवूलालाव?"

नेमकी तेव्हा झेंडूची रोपं तयार होती. दहा हजार रोपं लोह्याच्या एका शेतकऱ्याला द्यायची ठरलेली. झेंडूचं रोप ट्रेमधे चार दिवस जास्त राहिलं की काठीसारखं लांबतं, मग त्याला कोणी हात लावत नाही. आणि ट्रे भरलेली गाडी झटके देऊन वळवली तर निम्मी रोपं गाडीतच आडवी. मी गाडी गफारमामूकडं नेली.

मामूनं स्टेअरिंग एकदा इकडं फिरवलं, एकदा तिकडं, आणि खाली उतरला. "स्टेअरिंगका पंप खलास. नीचेका बॉक्स बी खलास. दोन्ही नवे टाक, न्हाईतर भंगारात दे. बुढी झाली आता."

ती गाडी गेली तर रोपवाटिका बंद करायची वेळ होती. मी रस्ता ओलांडला आणि अक्कांकडं नव्या पंपाची चौकशी केली.

अक्कांनी पंप दिला नाही. आधी विचारलं, "आवाज कसला येतो?"

मी सांगितलं, घूं असा.

"करून दाखवा."

भर दुकानात मी पिकअपचं कण्हणं करून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "सकाळी जास्त, का गाडी तापल्यावर?"

"सकाळी जास्त."

"तेल कवा बदललं?"

"सहा महिने झाले. इंजिनचं—"

"इंजिनचं कोण इचारलं? स्टेअरिंगचं."

स्टेअरिंगला तेल असतं आणि ते बदलायचं असतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. अक्कांनी चष्मा काढला.

"चौदा वर्षं तेच तेल? अय्यो शिवा! आंगोळ तरी रोज करता का फॅनबेल्ट?"

मग पुस्तक आलं. त्यांनी बरोबर पान काढलं आणि बोट ठेवलं. तेलाच्या डबीच्या तळाला, चित्रात हवेत लटकलेली, गाळणीसारखी एक छोटी जाळी. शेजारी सात. "ही बुजली असंल. पंपाला तेलच मिळत न्हाई तर त्यो कण्हंल न्हाई तर काय गाईल?" आणि दारात येऊन त्यांनी हाक दिली, "मामू! डबीतली जाळी बगितली का?"

"कसली जाळी? जाळीबिळी काय नसती त्यात!"

"हाय! सात नंबर!"

गफारमामू गाडीखालून बाहेर आला. हात पुसत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा बोलला, "अक्का, नंबर वाचणं अलग, गाडी अलग! बावीस साल झाले दुकान करून, कवा एक बोनेट उघडून बघितलंय का तुमी?"

चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. चहावाला तर जास्तच हसला. ओरडून उत्तर न देता अक्का आत वळल्या, असं मी पहिल्यांदाच बघितलं. पुस्तक मिटलं. खोक्यांकडं बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलला त्यो. म्या एकबी बोनेट उघडलं न्हाई कवा." मग माझ्याकडं वळून, "पंप देत न्हाई तुमाला. उद्या घरी असताव ना? येते मी."

दुसऱ्या दिवशी कामाच्या वारी, भर अकरा वाजता, अक्कांच्या दुकानाचं शटर खाली होतं. गावात बातमी पसरली की अक्का आजारी. अक्का मात्र रिक्षातून आमच्या रोपवाटिकेत उतरत होत्या. हातात पिशवी. पिशवीत प्लास्टिकमधे गुंडाळलेलं पुस्तक, लाल तेलाच्या बाटल्या, वर्तमानपत्राची रद्दी, जुना टूथब्रश, आणि जनावरांना औषध पाजायची एक कोरी मोठी पिचकारी.

"दुकानाम्होरंच केलं असतं की," मी म्हणालो.

"मामूच्या डोळ्याम्होरं नको. चुकलं तर झेंडूनं बघावं." त्यांनी पदर खोचला. "उघडा."

मी बोनेट उघडलं. अक्का जवळ आल्या आणि आत बघत उभ्या राहिल्या. इतका वेळ की सविता माझ्याकडं बघायला लागली.

"हे असं सगळं चिकटून असतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

पुस्तकात प्रत्येक वस्तू ऐसपैस बसलेली. इथं नळीवर वायर, वायरवर पाइप, आणि सगळ्यावर चौदा वर्षांचा चिखल. अक्कांनी चित्रावरून अंदाज घेऊन एका डबीवर ठामपणे बोट ठेवलं. "ही रेसेरवोईर."

"अक्का, त्यात मी काच धुवायचं पाणी टाकते," सविता म्हणाली.

अक्का जराही लाजल्या नाहीत. चष्मा वर सारला आणि विचारलं, "फॅनबेल्ट, तुमचा पट्टा कुठं हाय? ह्या गाडीला पंप पट्ट्यावरच फिरतो." पट्टा सापडला. पट्ट्यावरून पंप सापडला, पंपावरून नळी, नळीवरून कोपऱ्यात दडलेली, तेलकट मातीनं माखलेली एक डबी. झाकण उघडलं. आत डांबर. अक्कांनी बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. "जळालंय," असं म्हणून पिचकारी माझ्या हातात दिली.

वरचं तेल ओढून काढलं, दोन बोल्ट सोडून डबी बाहेर घेतली, पालथी केली, आणि तळाशी ती होती. सुईच्या टोकाएवढ्या भोकांची जाळी, पण भोकं कुठं होती? काळ्या राडीनं सगळी लिंपलेली. अक्कांनी ती तळहातावर घेतली. "सात नंबर," एवढंच म्हणाल्या. सासरी गेलेल्या लेकीच्या घरी पहिल्यांदा जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. डिझेल आणि टूथब्रश घेऊन त्यांनी ती स्वतः धुतली, उन्हात वाळवली, आणि तिच्यातून माझ्याकडं बघून खात्री केली. मग जाळी आत, डबी जागेवर.

पुढचं काम तिघांचं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. तेल परत येतं ती नळी सोडून तिचं तोंड रिकाम्या कॅनमधे घातलं, डबीच्या त्या भोकाला बूच. इंजिन बंद. मी आत बसून स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, सवितानं डबीत नवं लाल तेल ओतत राहायचं, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. अक्का कॅनपाशी उकिडव्या बसल्या आणि नळीतून काय पडतंय ते मला ओरडून सांगायला लागल्या.

"कोळसा! … कोळसाच! … फिरवा, फिरवा … आता काकवी! … काकवी … गूळ! … कोरा चहा! …" आणि मग दोन्ही हात वर, "कुंकू! थांबा! कुंकू आलं!"

आम्ही तिघं लहान पोरांसारखे हसलो. नळी परत जोडली, डबी खुणेपर्यंत भरली, चाकं खाली घेतली. मी ऐटीत चावी फिरवली.

गाडीनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. डबीतून दूध उतू जावं तसा गुलाबी फेस बाहेर आला. स्टेअरिंग आधीपेक्षा जड, आणि वळवलं की आत काहीतरी थरथरतंय. "बंद! बंद करा!" अक्का ओरडल्या.

मी उतरलो. मला एकच दिसत होतं, कालपर्यंत कण्हणारी का होईना चालणारी गाडी आज गेली, आणि तिच्याबरोबर दहा हजार रोपं. माझ्या तोंडावर ते दिसत असणार. अक्का पुस्तकाची पानं उलटत होत्या. पुढं, मागं, परत पुढं. बोटांचे लाल ठसे पानापानावर.

"काय झालं अक्का?"

"हवा शिरली."

"मग?"

"पुस्तकात हवेला नंबर न्हाई."

त्या पालथ्या क्रेटवर बसल्या. सवितानं पाणी दिलं, ते हातातच राहिलं. काउंटरमागं एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या अक्का तिथं रोपांच्या ट्रेमधे अगदी किरकोळ दिसत होत्या. भस्माच्या पट्ट्यांवर तेलाचा हात लागला होता. थोड्या वेळानं त्या पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला.

"फोन लावा."

"कुणाला?"

"हवा कळती त्याला. मामूला लावा."

मी फोन लावला, आवाज मोठा केला, त्यांच्यासमोर धरला. बावीस वर्षांत अक्का मामूशी पहिल्यांदा न ओरडता बोलत होत्या.

"मामू, मी अक्का. गाडीत हवा शिरली. कशी काढायची?"

पलीकडं हातोड्याचा आवाज थांबला. मामू हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही.

"इंजिन बंद हाय?"

"हाय."

"चाकं उचला परत. डबीचं झाकण उघडं ठेवा. स्टेअरिंग हळू हळू, पूरा इकडं, पूरा तिकडं. वीस-पंचवीस बार. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पंप मरतो. मग अर्धा घंटा हात लावू नका, चहा पिवा. बुडबुडे आपल्या मर्जीनं वर येतात, त्येंच्या मागं लागायचं नाही. परत फिरवा, मग चालू करा."

"बरं."

"अक्का." मामूनं विचारलं, "जाळी होती?"

"होती. पार बुजलीती."

पलीकडं हातोडा एकदा वाजला. मग, "मला म्हाईत नव्हतं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. मी फिरवत होतो, सविता मोजत होती, अक्का डबीत वाकून बुडबुडे बघत होत्या आणि एकेकाला निरोप देत होत्या, "हां, ये. तू बी ये. जावा आता." चहा झाला. परत फिरवलं. तेल खाली गेलं तेवढं वर टाकलं. चाकं जमिनीवर घेतली. ह्या वेळी मी चावी फिरवताना ऐट नव्हती.

इंजिन सुरू झालं. फक्त इंजिनाचाच आवाज. मी स्टेअरिंगवर एक बोट ठेवलं आणि डावीकडं ओढलं. चाक वळलं. घूं नाही, चूं नाही. मी खिडकीतून नुसतं ते एक बोट बाहेर काढून दाखवलं, तर सविता चक्क ओरडली.

"मी बसू का?" अक्कांनी विचारलं.

त्या चपला काढून वर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, हळूच डावीकडं नेलं, मान बाहेर काढून पुढचं चाक बघितलं, उजवीकडं नेलं, परत मान बाहेर. "वळतंय की ओ!" मग बराच वेळ त्या खाली उतरल्याच नाहीत. आम्हीही उतरा म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं लोह्याला पोचली, सगळी उभी. अक्कांच्या आज्ञेप्रमाणं तीन दिवसांनी तेलाची पातळी दाखवायला मी चाकूरला गेलो तेव्हा दुकानात एक विश्वास न बसणारं दृश्य होतं. काउंटरच्या अलीकडं, गिऱ्हाइकांच्या बाकावर गफारमामू. त्याच्यासमोर पुस्तक उघडं. तो चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत होता आणि अक्का सांगत होत्या, "हे बगा, ही अकरा नंबर. तुमी दर येळी हिला फेकून देताव. आनी मंग म्हंताव गळतंय."

"ती बेकार वायसर हाय अक्का."

"बेकार असती तर तिला नंबर दिला असता का?"

भांडण चालूच राहिलं, पण आता एकाच छताखाली. आणि रविवारी दुपारी उलटं. मामूच्या गॅरेजात एखादी गाडी उघडलेली असली की अक्का रस्ता ओलांडून जायच्या, जुन्या टायरवर बसायच्या, मांडीवर पुस्तक. मामू आत हात घालून एकेक दाखवायचा, अक्का नंबर सांगायच्या, मग उठून स्वतः हात लावून यायच्या. मी एकदा विचारलं, आता कशाला हा त्रास? "बावीस वर्षं नुसती नावं घेतली एकेकाची," त्या म्हणाल्या. "तोंडं तरी बघून घेते." चहावाल्याची मात्र करमणूक गेली. तो मला म्हणायचा, तुमच्या गाडीपायी रस्ता सुना झाला.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. झोपेतच. दुकान आता त्यांची पुतणी बघते. तिनं पुस्तकं ठेवलीत.

त्या जायच्या दीडेक महिना आधी मी रोपं घेऊन किल्लारीला निघालो होतो. रस्त्यात कडेला एक काळी-पिवळी जीप उभी, बोनेट वर, प्रवासी लिंबाच्या सावलीला. जीपच्या पुढं एका दगडावर उभं राहून कुणीतरी कमरेपर्यंत आत वाकलेलं. हिरवं इरकल. मी गाडी थांबवली. ड्रायव्हर, चांगला मिशावाला गडी, बाजूला उभा राहून विनवत होता, "मावशी, ऱ्हाऊ द्या, मेकॅनिकला फोन केलाय, येईल त्यो."

"येईल तवा येईल. ही बॅटरीची तार ढिली हाय. पाना आण." आतूनच आवाज आला.

मी हाक मारली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं. गालावर काळा पट्टा, चष्मा कपाळावर. मला बघून हसल्या आणि माझ्या गाडीतल्या ट्रेकडं बोट केलं. "थांबू नका. रोपं सुकतील. मी जाते पाव्हण्याकडं, आजच्या आज पोचते."

मी निघालो. तीन-चार किलोमीटर गेलो असेन तेवढ्यात मागून जोरात हॉर्न वाजला आणि ती जीप मला मागे टाकून पुढं गेली. अक्का पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, अगदी त्याच्याकडं वळून बसलेल्या. बोटानं काचेखालच्या फळीवर काहीतरी काढून दाखवत होत्या, आणि तो मिशावाला एका हातानं जीप चालवत, रस्त्यावरची नजर न काढता, हाव हाव म्हणून मान हलवत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. जीप वळणावर गेली, मागं धूळ राहिली.